चार जणांचं टेबल

"भैया, मैंने परसों फोन किया था. आपने नाम भी लिखा था... रूपाली."

"मैडम, आज बहुत भीड़ है. एक घंटा लगेगा."

हॉटेलच्या दारातली ती मुलगी रागावली होती हे दिसत होतं, पण आवाज एवढासाही चढला नव्हता. गंधारचं लक्ष तिच्याकडे गेलं ते त्यामुळेच. तिच्या केसांवर, शालीच्या कडेवर पावसाचे बारीक थेंब अडकले होते. जयपूरला ऐन थंडीत कधीतरी असा भुरभुर पाऊस येतो. इथले लोक त्याला मावठ म्हणतात, पिकाला चांगला म्हणून खूश होतात, आणि मग दोन दिवस कुडकुडतात.

मुलीशेजारी एक ठेंगण्या, सावळ्या बाई उभ्या होत्या. अंगावर ठेवणीतली साडी आणि तिच्यावर चढवलेला नवऱ्याचा भलामोठा स्वेटर.

"जाऊ दे व रूपा," बाई म्हणाल्या. "घरी जाऊन खिचडी टाकू."

"नाही आई. तुला इथे आणायचं मतलब आणायचंच होतं."

मराठी! गंधारने चटकन मान वळवली. वडिलांच्या बँकेच्या बदलीने अभ्यंकर कुटुंब मालवीय नगरात राहायला आलं, त्यालाही इथल्याच एका विमा कंपनीत नोकरी मिळाली, पण घराबाहेर मराठी शब्द कानावर पडायचा तो अगदी क्वचित. आणि हे मराठी तर किती वेगळं! आईचं वऱ्हाडी, मुलीचं अर्धं हिंदीत बुडवलेलं.

तो पुढे झाला. "माफ करा... माझ्याकडे चार जणांचं टेबल आहे आणि मी एकटाच आहे. तुम्ही दोघी याल का?"

तिने त्याच्याकडे रोखून पाहिलं. मोठे, तपकिरी डोळे. काजळ पावसाने किंचित फिसकटलेलं.

"तुम्ही आमचं बोलणं ऐकत होते?"

"नाही... ऐकू आलं."

"ऐकत होते की ऐकू आलं?"

"आधी ऐकू आलं," गंधार प्रामाणिकपणे म्हणाला. "मग ऐकत होतो."

तिच्या ओठांच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. हसू म्हणावं तर पुरतं हसू नव्हतं.

"काहून एकटे?" बाईंनी विचारलं. "सोबतचे कुठी गेले?"

"मित्र चौमूंहून यायचे होते, मावशी. रस्त्यावर धुकं पडलंय. अर्ध्या वाटेवरून परतले, आत्ताच फोन आला."

"मंग चल व रूपा. उभं राहून राहून पाय भरले माह्ये."

आणि बाई सरळ आत निघाल्यासुद्धा. त्यांचं नाव भीमाबाई, मुलीचं रूपाली. खुर्च्या ओढून बसेपर्यंत गंधारला एवढं कळलं होतं. शिवाय हेही, की रूपाली जगतपुऱ्याच्या एका इंजिनियरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते, तिचे बाबा रेल्वेत गार्ड आहेत, आज मालगाडी घेऊन फुलेऱ्याला गेलेत, आणि भीमाबाईंनी वर्तमानपत्राच्या पुरवणीत या हॉटेलचा रंगीत फोटो बघून "असलं जेवण आपण कधी खाल्लं नाही बाप्पा" असं सहज म्हटलं होतं. सहजच. पण मुलीने ते मनात ठेवलं होतं.

त्या हिवाळ्यात सगळं जयपूर या कासा पिमेंतावर फिदा होतं. मेक्सिको, पेरू, क्युबा, सगळ्या लॅटिन अमेरिकेचं जेवण एका छताखाली! मालवीय नगरातल्या त्या इमारतीचा तिसरा मजला संध्याकाळी झगमगून उठायचा. नारिंगी भिंती, त्यांवर निळे पक्षी, कोपऱ्याकोपऱ्यात प्लास्टरचे निवडुंग, आणि गिटारची सुरावट... डोळे मिटले तर समुद्र ऐकू यावा अशी. भीमाबाई मान वर करकरून कंदील बघत होत्या. आईला बघणाऱ्या रूपालीच्या चेहऱ्यावर त्या कंदिलांचा उजेड पडला होता. गंधार मेनूकार्ड उलटं धरून बसला होता हे त्याला बऱ्याच वेळाने कळलं.

"सरळ धरलं तर वाचता येईल," रूपाली म्हणाली.

"सरळ धरलं तरी कळत नाहीये."

"हां, ते पण खरं."

वेटर आला. डोक्यावर रुंद काठाची गवती टोपी, ओठांवर झुपकेदार राजस्थानी मिशा. टोपी हॉटेलची होती, मिशा त्याच्या स्वतःच्या. नाव उत्तम, असं छातीवर लिहिलेलं.

"ये क्या है, उत्तमजी?" रूपालीने एका नावावर बोट ठेवलं.

"ये चीज़ी है, मैडम."

"और ये?"

"ये भी चीज़ी है. पर स्पाइसी."

"और ये?"

उत्तमने जरा विचार केला. "ये... बहुत चीज़ी है."

गंधारला हसू आवरेना. रूपालीने टेबलाखालून आईच्या पायावर पाय दिला, कारण भीमाबाई तर तोंडाला पदर लावून हसायला लागल्या होत्या. शेवटी तिघांनी मिळून चार पदार्थ मागवले आणि वाट बघत बसले. बराच वेळ वाट बघत बसले. गिटारची तीच धून फिरून फिरून येत राहिली.

आणि मग जेवण आलं.

मक्याचे ते कुरकुरीत म्हणवणारे तुकडे ओल्या पुठ्ठ्यासारखे वाकत होते. घेवड्याच्या बिया साखरेच्या टोमॅटो सॉसमध्ये पोहत होत्या. भाताचा वाटीच्या आकाराचा गोळा चमच्याने ढकलला तर अख्खाच्या अख्खा सरकला. लिंबाचं सूप थंडगार... थंडच असतं की थंड झालं, हे विचारायचा धीर कुणाला झाला नाही. गंधारने मोठ्या ऐटीत मक्याची दुमडलेली पोळी उचलली, आणि ती मधोमध मोडून तिचं सगळं पोट त्याच्या पांढऱ्या शर्टवर रिकामं झालं.

"चीज़ी," रूपाली गंभीरपणे म्हणाली.

"बहुत चीज़ी," तो शर्ट पुसत म्हणाला.

भीमाबाईंनी मात्र नावं ठेवली नाहीत. एकेक घास नीट चावून खाल्ला, डोळे बारीक करून. "मका चांगला होता बिचारा," त्या म्हणाल्या. "कुणी त्याच्याकडे पाह्यलंच नाही. भाजाले पाहिजे होता. अन् ह्या बिया... रात्रभर भिजवल्या नाहीत." मग लेकीकडे बघून घाईने, "पण मजा आली हं रूपा. कंदील किती सुंदर आहेत."

रूपालीचा चेहरा एवढासा झाला. गंधारला ते दिसलं. आईला एक संध्याकाळ द्यायची होती तिला, आणि ती संध्याकाळ ताटात गार पडून होती.

इतक्यात शेजारच्या टेबलावर आवाज चढला. कोट घातलेला एक जाडा गृहस्थ उत्तमवर ओरडत होता. जेवण जनावरांच्या लायकीचं आहे, तुला अक्कल आहे का, तू आहेस कोण... आणि बोलता बोलता त्याने हातातला नॅपकिन उत्तमच्या तोंडावर फेकून मारला. टोपी खाली पडली. उत्तम ती उचलायला वाकला आणि तसाच वाकून राहिला. आजूबाजूचे सगळे आपापल्या ताटात बघू लागले. गंधारसुद्धा. त्याला पुढे कितीतरी दिवस ते आठवून लाज वाटायची... पण त्या क्षणी त्यानेही ताटातच पाहिलं.

रूपाली उठली. चार पावलं चालत गेली, टोपी उचलून उत्तमच्या हातात दिली, आणि त्या गृहस्थाला म्हणाली, "अंकल, खाना हमारा भी ख़राब है. लेकिन इन्होंने बनाया नहीं है, सिर्फ़ लाया है."

"तुम बीच में मत बोलो."

"बोलना तो पड़ेगा. आपने मारा है. सॉरी बोल दीजिए, फिर हम दोनों मिलके मैनेजर से झगड़ते हैं."

तोच आवाज. न चढलेला. जणू वर्गात फळ्यासमोर उभी राहून एखादं साधं समीकरण समजावतेय. त्या गृहस्थाच्या बायकोने त्याची बाही ओढली. तो काहीतरी पुटपुटला, 'सॉरी'सारखं ऐकू येईल न येईल असं, आणि खाली बसला. एव्हाना मॅनेजर धावत आला होता.

"मैडम, क्या बात कर रही हैं! पूरा शहर हमारी तारीफ़ कर रहा है."

"शहर दीवारों की तारीफ़ कर रहा है," रूपाली म्हणाली. "आप एक कौर खाके देखिए."

त्याने खाल्लं नाही. पण गंधारचं लक्ष आता मॅनेजरकडे नव्हतंच. ती परत येऊन बसली. पाण्याच्या ग्लासाला तिने हात लावला, तेव्हा बोटं शांत होती, फक्त गळ्याजवळची एक शीर उडत होती. इतकी सुंदर मुलगी आपण पाहिलेली नाही, असं त्याला वाटलं. आणि ते काजळामुळे नव्हतं.

खाली रस्त्यावर अजून भुरभुर चालूच होती. रिक्षाची वाट बघताना भीमाबाई म्हणाल्या, "तुमचं पोट भरलं नसंल. माह्यंही नाही भरलं. रविवारी घरी या. भरीत करीन."

"आई!" रूपाली दबक्या आवाजात म्हणाली. "त्यांना काम असेल."

"रविवारी मला काही काम नाही," गंधार म्हणाला. "मतलब... काहीच नाही."

'मतलब' ऐकून ती वळली. या खेपेला मात्र पुरतं हसली.

*

रविवारी तिळाच्या गजकचा पुडा घेऊन तो जगतपुऱ्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये पोहोचला. समोरच्या भिंतीवर बुद्धाची तसबीर होती, तिच्याशेजारी बाबासाहेबांची, ताजा हार घातलेली. त्याची नजर तिथे गेली... थांबली.

स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून रूपाली तेवढंच बघत होती. अशा वेळी माणसांचे चेहरे कसे बदलतात हे तिला लहानपणापासून पाठ होतं. एक क्षण गप्प, मग जरा जास्तच गोड हसू, मग घाईघाईने दुसरा विषय.

गंधार म्हणाला, "वांगी भाजल्याचा वास फाटकापर्यंत येतोय. मी रस्ता विचारलाच नाही कुणाला."

ती आत वळली. त्याला कळलंच नाही की कळून त्याचं काही वाटलं नाही? तिला ठरवता येईना. पण कढईत कांद्याची पात टाकताना ती गुणगुणत होती, आणि भीमाबाईंनी ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

जेवायला रूपालीचे बाबा, दशरथ तायडेही होते. उंच, शांत गृहस्थ. बाजरीची भाकरी, शेंगदाणे घातलेलं भरीत, लसणाचा ठेचा. गंधारच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ताट पुढे करतच होता.

"आडनाव काय म्हणालात?" दशरथांनी विचारलं.

"अभ्यंकर."

"हं." त्यांनी एक घास संपवला. "आमच्याकडं जेवता, हे घरी माहीत आहे?"

"सांगितलंय ना. जगतपुऱ्याला जेवायला चाललोय म्हणून."

दशरथ हलकेच हसले. "जगतपुरा मोठा आहे," ते म्हणाले, आणि त्याला ठेचा वाढला.

*

मग काय... हिवाळा उतरत गेला आणि ती दोघं भेटत राहिली. कधी कॉलेज सुटल्यावर चहाच्या टपरीवर, कधी नुसतंच स्कूटरवरून एक लांब फेरी. संक्रांतीला सगळं जयपूर गच्च्यांवर चढलं तेव्हा क्वार्टरच्या गच्चीवर रूपालीने सलग पतंग कापले आणि गंधारच्या हातात फक्त मांज्याची चरखी दिली. "तुला मांजा धरता येत नाही," ती म्हणाली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही आठवत नव्हतं. निळ्या आभाळात शेकडो पतंग, तिच्या बोटाला मांज्याने कापलेली बारीक लाल रेघ, आणि "वो काटा!" म्हणून तिने मारलेली उडी. गंधार पतंग बघत नव्हता.

"तू पुस्तकासारखं बोलतोस," ती एकदा म्हणाली. "तुझ्यासमोर तोंड उघडायला डर वाटतो. भीती."

"डर चालेल."

"चालेल कसं? एक स्थळ आलं होतं अकोल्याचं. त्यांनी सांगितलं, मुलीला मराठी येत नाही. मी रात्रभर... मतलब, खूप वाईट वाटलं होतं."

"ते मूर्ख होते."

"नाही रे. त्यांना त्यांच्यासारखी पाहिजे होती."

तिचं हे त्याला नेहमी चकित करायचं. ज्यांनी नाकारलं त्यांचीही बाजू तिला दिसायची, आणि तरी स्वतःची बाजू ती तसूभरही सोडायची नाही.

"मला तुझं मराठी ऐकायला फार बरं वाटतं," तो म्हणाला.

"बरं म्हणजे कसं?"

"म्हणजे... दिवसभर ऐकावंसं."

ती लाजली. चहाच्या कपात बघत म्हणाली, "मग ऐक. कोणी अडवलंय?"

फेब्रुवारीच्या शेवटी, ऊन चटके देऊ लागलं तेव्हा, एका दुपारी जगतपुरा स्टेशनच्या बाकावर बसून तिने विचारलं, "घरी काय सांगतोस? इथे येतोस तेव्हा?"

"सांगतो की... मैत्रिणीकडे जातोय."

"कोणती मैत्रीण?"

"रूपाली. जगतपुऱ्याची."

"पुढे?"

गंधारने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. समोरून एक मालगाडी जात होती. डब्यामागून डबे... दोघंही ते बघत बसली.

"आई विचारत नाही," तो म्हणाला. "विचारलं की सांगणारच आहे."

"तिने विचारलं नाही म्हणून तू सांगितलं नाही, की विचारेल म्हणून 'जगतपुऱ्याची' सांगून थांबतोस?"

गंधारने मान खाली घातली.

"तू आमच्याकडे जेवतोस," रूपाली म्हणाली. आवाज तसाच, न चढलेला. पण या वेळी त्यात काहीतरी ओलं होतं. "आईला मावशी म्हणतोस. बाबा दुसऱ्या कोणाला स्वतः वाढत नाहीत, तुला वाढतात. आणि तुझ्या घरी मी एका एरियाचं नाव आहे."

"रूपाली, मला थोडा वेळ दे..."

"घे ना वेळ. पण तोपर्यंत भेटायचं नाही." ती उठली, खांद्यावरची ओढणी सारखी केली. "माझे आजोबा गाव सोडून निघाले ते मान वर करून जगायला. म्हणून बाबा शिकले, म्हणून मी आज शिकवते. मी लपून राहणार नाही, गंधार. तुझ्यासाठीपण नाही." मग जरा थांबून, अगदी हळू, "तुझ्यासाठी तर नाहीच."

ती पूल चढून गेली. मागे वळून पाहिलं नाही. गंधार त्या तापलेल्या बाकावर बसून राहिला. तिचा त्याला राग यायला हवा होता, पण येत होता तो स्वतःचाच. त्या हॉटेलात सगळ्यांनी ताटात बघितलं, तेव्हा तोही ताटात बघत होता. आजही त्याने तेच केलं होतं.

*

त्या संध्याकाळी त्याची आई, रत्नप्रभा, मटार सोलत बसली होती. वडील उमाकांत टीव्हीवर बातम्या बघत होते.

"आई, जगतपुऱ्याची ती रूपाली... तिचं नाव रूपाली तायडे. रूपाली दशरथ तायडे. मला तिच्याशी लग्न करायचंय."

सोलणारे हात थांबले.

"तायडे म्हणजे..."

"हो, आई."

रत्नप्रभाने मटाराची शेंग खाली ठेवली. उमाकांतांनी टीव्हीचा आवाज कमी केला. "कॉलेजात शिकवते ना ती मुलगी?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मध्ये बोलू नका," रत्नप्रभा म्हणाली. मग गंधारकडे न बघता, "मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. वाटलंय. आणि वाटतंय याचंही वाईट वाटतंय. मला वाटायचं, मी तशी नाही."

ती उठून आत गेली. पुढचे काही दिवस घरात फक्त भांड्यांचा आवाज होता. गंधार ऑफिसला जायचा, यायचा, जेवायचा. फोन हातात घेऊन रूपालीचं नाव काढायचा आणि परत खिशात टाकायचा. अर्धवट बातमी घेऊन तिच्याकडे जायचं नाही, असं त्याने ठरवलं होतं.

एका सकाळी चहाचा कप त्याच्यासमोर ठेवताना आईने विचारलं, "काय पाहिलंस तिच्यात?"

गंधारने विचार केला. सांगण्यासारखं इतकं होतं. डोळे, हसू, गच्चीवरची ती उडी... "आई, ती कुणाला कमी लेखत नाही," तो म्हणाला. "स्वतःलाही नाही. मला अजून ते जमत नाही. तिच्याजवळ असलो की वाटतं, जमेल."

रत्नप्रभा ओट्याकडे वळली. पण त्या दिवशी तिने डब्यात त्याच्या आवडीची वाटली डाळ दिली.

*

आईच्या 'हो'साठी आणखी थांबायचं नाही असं ठरवून दुपारी तो कॉलेजच्या फाटकाशी उभा राहिला. कडुलिंबाची पिवळी पानं रस्ताभर उडत होती. रूपाली बाहेर आली, त्याला पाहिलं, आणि जागच्या जागी थांबली. वह्यांचा गठ्ठा छातीशी धरलेला.

"सांगितलं," तो म्हणाला. "पूर्ण नाव. तुझ्या बाबांच्या नावासकट."

"मग?"

"बाबांना चालेल असं दिसतंय. आई अजून 'हो' म्हणालेली नाही. 'नाही'पण म्हणालेली नाही. पण ती काहीही म्हणाली तरी मी..."

"थांब." तिने हात पुढे केला. "फोन दे."

"कुणाला लावतेस?"

"तुझ्या आईला."

"रूपाली, आत्ता? इथे?"

"तुझ्या-माझ्यात बोलून काय होणार? ज्यांना प्रॉब्लेम आहे त्यांच्याशी बोलायला नको?"

त्याने फोन दिला. तिने वह्यांचा गठ्ठा त्याच्या हातात कोंबला. पलीकडे घंटी वाजत होती... थांबली.

"काकू, नमस्कार. मी रूपाली दशरथ तायडे बोलते." तिने श्वास घेतला. "माझं मराठी थोडं... मतलब, चुका होतात. समजून घ्या. मी 'हो' म्हणून घ्यायला फोन नाही केला. तुम्हाला वेळ पाहिजे ते मला कळतं. फक्त मला भेटल्याशिवाय नाही म्हणू नका. भेटून नाही म्हणाल्या तर मी... ऐकून घेईन. एवढंच."

रस्त्यावरून एक बस गेली. मग आईचा आवाज आला, बारीक, अवघडलेला. रूपाली ऐकत होती. "हो," ती म्हणाली. "हो, काकू... नाही, बाबा रविवारी घरीच आहेत... मालूम आहे, काकू. मला माहीत आहे." आणि मग, एकदम हळू, "थँक्यू."

तिने फोन खाली घेतला. बटण दाबायला गेली तर अंगठा थरथरत होता. हॉटेलात त्या जाड्या गृहस्थासमोर न थरथरलेला तिचा हात... गंधारने तो फोनसकट आपल्या हातात धरला.

"काय म्हणाली?"

"म्हणाल्या, मुलीला आपल्या घरी बोलावून बघायची आमच्यात पद्धत नाही. रविवारी आम्ही दोघं तुमच्या घरी येतो." तिने ओठ चावला. "आणि म्हणाल्या, मी अजून 'हो' म्हटलेलं नाही."

"येते म्हणाली?" गंधारला खरंच वाटेना. "आई स्वतः येते म्हणाली?"

"पत्ता विचारला. क्वार्टर नंबरसकट."

तो हसायला लागला. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. फाटकातून बाहेर पडणारी कॉलेजची पोरं मॅडमकडे बघत होती, आणि मॅडमनी हात सोडवून घेतला नव्हता.

"एक गोष्ट राहिली," रूपाली म्हणाली.

"आता काय?"

"तू आईला सांगितलंस की तुला माझ्याशी लग्न करायचंय. आत्ता काकू म्हणाल्या मला. वडिलांना सांगितलंस. चौमूंच्या मित्रांना पण सांगितलं असेल."

"सांगितलंय," त्याने कबूल केलं.

"मग मलाच कोणी सांगितलं नाही."

खरंच की. सगळ्या जगाला सांगून झालं होतं. त्याने वह्यांचा गठ्ठा काखेत मारला, घसा साफ केला... आणि पुस्तकासारखं बोलणाऱ्या त्या मुलाला एकही शब्द सुचेना.

"मी... म्हणजे, मला... रूपाली, मतलब..."

"हां?"

"मला तू खूप आवडतेस. पहिल्या दिवसापासून. माझ्याशी लग्न करशील?"

कडुलिंबाची पानं दोघांवर गळत होती. तिने एक पान त्याच्या खांद्यावरून उचललं, बोटांत फिरवलं, उडवून दिलं.

"करेन," ती म्हणाली. मग थांबली, आठवून आठवून स्वतःलाच दुरुस्त केलं. "करीन."

"दोन्ही बरोबर आहे," गंधार म्हणाला.